परदेशी मदतीतून संस्था कशी उभी करावी: आखणी, अंमलबजावणी आणि तपासणीसाठी मार्गदर्शन

परदेशी मदतीतून पूल, बोगदे किंवा जलवाहिन्या बांधल्या जातात तेव्हा काम झाले की नाही हे डोळ्यांना दिसते. त्याच मदतीतून एखाद्या खात्याची, विद्यापीठाची किंवा वस्तीतल्या मंडळाची काम करण्याची ताकद वाढली का, हे मात्र प्रकल्प संपून काही वर्षे लोटल्यावरच कळते, आणि तोपर्यंत ते विचारणारा अधिकारी बदलून गेलेला असतो. पुढील मार्गदर्शन शासनाच्या किंवा महापालिकेच्या खात्यात असे प्रकल्प हाताळणाऱ्यांसाठी, मुंबईतील स्वयंसेवी संस्थांत प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी आणि या विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शक्य तेथे उदाहरणे मुंबईचीच घेतली आहेत, कारण पवईची आयआयटी, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, रेल्वेचे विस्तारीकरण आणि वस्त्यांतील शौचालये अशा अगदी वेगवेगळ्या कामांत या शहराने बाहेरची मदत घेतली आहे आणि तिचे परिणामही पाहिले आहेत.

पैसा कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहावे

मदत या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळे व्यवहार येतात: परत न करावयाचे अनुदान, सवलतीच्या दराचे कर्ज आणि तज्ज्ञ, उपकरणे किंवा शिष्यवृत्त्यांच्या रूपातले तांत्रिक साहाय्य. कुलाबा ते सीप्झ या मेट्रो ३ साठी आणि अटल सेतूसाठी जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेकडून आलेला पैसा कर्जाचा आहे. २००२ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी, म्हणजे एमयूटीपीसाठी, जागतिक बँकेने दिलेले सुमारे ५४ कोटी २० लाख डॉलरही कर्जरूपानेच आले होते. याउलट पवईच्या आयआयटीला युनेस्कोमार्फत मिळालेली सोव्हिएत मदत उपकरणांच्या आणि तज्ज्ञांच्या रूपात होती.

क्षमताबांधणीच्या, म्हणजे संस्थेची काम करण्याची ताकद वाढवण्याच्या, दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. कर्जाच्या प्रकल्पात 'संस्थात्मक बळकटीकरण' या शीर्षाखाली जो सल्लागार नेमला जातो त्याचे शुल्क अखेरीस आपणच फेडणार असतो, त्यामुळे त्याच्याकडून काय शिकायचे हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आपला असतो. अनेक कार्यालयांत हा अधिकार वापरलाच जात नाही, कारण कर्जाकडे देणगीसारखे पाहण्याची सवय जडलेली असते. अनुदान असेल तर खरेदीच्या अटी वाचाव्यात: देणाऱ्या देशाच्याच कंपन्यांकडून वस्तू किंवा सल्ला घेण्याचे बंधन असेल, तर मदतीचा बराचसा भाग त्या देशात परत जातो, आणि शिवाय दुरुस्तीसाठी व सुट्या भागांसाठी वर्षानुवर्षे त्याच पुरवठादारावर अवलंबून राहावे लागते.

कोणते काम, ते एका वाक्यात लिहावे

प्रस्तावांत 'खात्याची क्षमता वाढवणे' असा उद्देश लिहिलेला असतो. अशा वाक्यावरून काहीच तपासता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: आज ही संस्था अमुक काम करू शकत नाही, आणि अमुक सालापर्यंत ती ते स्वतःच्या माणसांकडून व स्वतःच्या पैशातून करू लागेल. काम नेमके असले की कोणती माणसे लागतील, कोणता कायदा किंवा नियम आड येतो आणि किती वर्षे लागतील हे आपोआप समोर येते.

देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस, या कसोटीवर पाहण्याजोगी आहे. १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून तिची स्थापना केली, तेव्हा काम स्पष्ट होते: आशिया आणि पॅसिफिक प्रदेशासाठी लोकसंख्याशास्त्रज्ञ तयार करणे. ती संस्था पुढे आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था झाली आणि १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९९२-९३ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी झाली तेव्हा पैसा यूएसएड या अमेरिकेच्या सरकारी मदतसंस्थेचा होता, तांत्रिक साहाय्य होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटरचे आणि मॅक्रो इंटरनॅशनलचे होते, परंतु समन्वय देवनारकडे होता आणि देशभरातील लोकसंख्या संशोधन केंद्रे त्या कामात गुंतलेली होती. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीची धुरा याच संस्थेने वाहिली. बाहेरच्या संस्था बदलत गेल्या, निधी देणाऱ्यांची यादी लांबत गेली, मात्र नमुना कसा काढायचा, प्रश्नावली भारतीय भाषांत कशी बसवायची आणि आकडेवारी कशी तपासायची हे जाणणारी माणसे एका ठिकाणी टिकून राहिली. मुंबईत राहून क्षमताबांधणीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने सुरुवात या संस्थेच्या इतिहासापासून करावी, असे मला मनापासून वाटते.

नेमके काम निवडल्याचे दुसरे उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथील महापालिकेने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे रोखे काढले. त्यामागे यूएसएडच्या एका कार्यक्रमाचे तांत्रिक साहाय्य होते आणि मुंबईच्या क्रिसिलने केलेले पतमानांकन होते. पण त्याआधी महापालिकेने जकात आणि मालमत्ता कराची वसुली स्वतः सुधारली होती, हे विसरता कामा नये. घरची तयारी झालेली असताना आलेल्या मदतीने तिला शेवटचा टप्पा गाठायला हात दिला. रवांडात १९९७-९८ मध्ये स्थापन झालेल्या महसूल प्राधिकरणालाही ब्रिटनने दहा वर्षांहून अधिक काळ साथ दिली. कर गोळा करणे हे काम असे आहे की ते जमते आहे की नाही हे दरवर्षी तिजोरीवरून समजते, म्हणून अशा संस्थांत मदतीचा परिणाम तपासणे सोपे जाते.

लँट प्रिचेट, मायकेल वूलकॉक आणि मॅट अँड्र्यूज या अभ्यासकांनी एका धोक्याकडे लक्ष वेधले आहे, आणि प्रकल्प आखणाऱ्याने तो कायम ध्यानात ठेवावा. मदत मिळत राहावी म्हणून संस्था प्रगत देशांतील संस्थांचे बाह्य रूप घेतात: नवा कायदा होतो, आयोग नेमला जातो, संकेतस्थळ उघडते, नियमपुस्तिका छापली जाते, पण प्रत्यक्ष काम पूर्वीसारखेच चालते. देणाऱ्यालाही हे सोयीचे पडते, कारण कायदा झाला हे अहवालात लिहिता येते. त्यामुळे प्रस्तावात 'धोरण तयार करणे', 'कक्ष स्थापन करणे' अशी उद्दिष्टे दिसली की त्या धोरणानुसार पहिला निर्णय कोण, कधी आणि कोणत्या प्रकरणात घेणार हे विचारावे.

पदे, पगार आणि आवर्ती खर्च

या भागावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. क्षमताबांधणीचे बहुसंख्य प्रयत्न येथेच फसतात, आणि तेही फार शांतपणे, कारण पगार कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातील कोणत्या खर्चाच्या शीर्षातून, निघतो याकडे उद्घाटनाच्या वेळी कोणाचे लक्ष नसते.

आयआयटी मुंबईची १९५८ ची व्यवस्था या बाबतीत आदर्श मानावी अशी आहे. युनेस्कोकडून उपकरणे आणि प्रामुख्याने सोव्हिएत संघातील तज्ज्ञ मिळायचे होते. इमारतींचा खर्च आणि दरवर्षीचा आवर्ती खर्च मात्र भारत सरकारने पहिल्यापासून स्वतःकडे घेतला. अनेक वर्षांत मिळून ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ आले आणि २७ भारतीय अध्यापकांना सोव्हिएत संघात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. ते तज्ज्ञ परत गेले तेव्हा एकाही भारतीय प्राध्यापकाची नोकरी धोक्यात आली नाही, कारण त्यांची पदे मदतीवर कधीच अवलंबून नव्हती. कानपूरच्या आयआयटीला १९६२ ते १९७२ या काळात अमेरिकेतील नऊ विद्यापीठांच्या गटाने साहाय्य केले. तेथेही मुदत ठरलेली होती आणि मुदतीनंतर संस्था चालत राहिली.

याच्या विरुद्ध टोकाला समांतर प्रकल्प कक्ष असतो. मूळ खाते संथ आहे, त्याचे नियम किचकट आहेत, म्हणून देणारी संस्था वेगळे कार्यालय उघडायला सांगते. त्यात बाजारभावाने पगार मिळणारे कंत्राटी तज्ज्ञ येतात, खात्यातील हुशार माणसे तिकडे प्रतिनियुक्तीवर जातात, कामे भराभर होतात, आणि प्रकल्प संपताच तो कक्ष विसर्जित होतो. मूळ खाते पूर्वी होते त्याहून दुबळे झालेले असते, कारण त्याची चांगली माणसे गेली आणि सवयी तशाच राहिल्या. जगभर या प्रकाराचा इतका जाच झाला की मदतीच्या परिणामकारकतेविषयीच्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात असे समांतर कक्ष २०१० पर्यंत दोन तृतीयांशांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवावे लागले. २०११ मध्ये आढावा घेतला गेला तेव्हा जाहीरनाम्यातील १३ उद्दिष्टांपैकी फक्त एक गाठले गेले होते, आणि ते तांत्रिक साहाय्यातील समन्वयाचे होते.

या प्रश्नावर एकच उत्तर नाही. एमयूटीपीसाठी रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र शासन यांनी १९९९ मध्ये ५१ आणि ४९ टक्के भागीदारीने मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केले. ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली कायमस्वरूपी संस्था होती, त्यामुळे पहिला टप्पा संपल्यावर ती मोडली नाही. प्रकल्पाचे पुढचे टप्पे तिनेच हाती घेतले आणि आधीच्या टप्प्यात मिळालेला अनुभव तिच्याच दप्तरात राहिला. वेगळे कार्यालय काढणे अटळ असेल तर ते या धर्तीवर, मालकांची नावे आणि पुढील कामे आधी ठरवून, काढावे.

पगाराचा प्रश्नही डोळसपणे सोडवावा लागतो. दक्षिण कोरियाने १९६६ मध्ये अमेरिकी मदतीने विज्ञान आणि तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभारली, तेव्हा परदेशांत गेलेल्या कोरियन शास्त्रज्ञांना परत आणण्यासाठी विद्यापीठातील प्राध्यापकांपेक्षा पुष्कळ जास्त पगार देऊ केले. ते वेतन टिकले, कारण कोरियाच्या सरकारने स्वतंत्र कायदा करून संस्थेला स्वायत्तता आणि निधी दिला. हाच देश २०१० मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने प्रगत देशांच्या संघटनेतील मदत देणाऱ्या देशांच्या समितीचा सदस्य झाला. अफगाणिस्तानात नेमके उलट घडले: २०२१ पूर्वी सार्वजनिक खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून येत होता, आणि अनेक उच्चशिक्षित अधिकाऱ्यांचे पगार थेट मदतीच्या प्रकल्पांतून निघत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अनुदान थांबले आणि शिक्षकांना व आरोग्य कर्मचाऱ्यांना पगार कोठून द्यायचा हा प्रश्न एका आठवड्यात उभा राहिला.

प्रत्यक्ष आखणी करताना एक साधा तक्ता तयार करावा. पहिल्या स्तंभात प्रकल्पासाठी लागणारे प्रत्येक पद लिहावे. दुसऱ्यात ते पद आज खात्याच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेत, आहे का ते नोंदवावे, तिसऱ्यात मदतीच्या काळात त्याचा पगार कोठून येईल, आणि चौथ्यात मदत संपल्यानंतरच्या पहिल्या आर्थिक वर्षात तो कोणत्या लेखाशीर्षातून निघेल ते लिहावे. चौथा स्तंभ रिकामा राहिला तर ते पद प्रस्तावातून काढावे, किंवा आकृतिबंधात सुधारणा करून घेण्याचा शासन निर्णय हीच प्रकल्पाची पहिली पायरी ठरवावी. सेवाप्रवेश नियम बदलायला वर्ष-दोन वर्षे सहज जातात, म्हणून हे काम करारावर सही होण्यापूर्वी सुरू करणे श्रेयस्कर. यंत्रसामग्रीसाठी, संगणक प्रणालींच्या परवान्यांसाठी आणि वाहनांसाठी हाच तक्ता वेगळा भरावा, कारण देखभालीचा खर्च कोणी गृहीतच धरत नाही.

प्रशिक्षण

प्रशिक्षणाविषयी थोडक्यातच लिहितो. मदतीच्या अहवालांत किती जण प्रशिक्षित झाले याचे आकडे सर्वांत ठळक असतात, आणि संस्थेच्या दृष्टीने त्यांना सर्वांत कमी अर्थ असतो. एकाच विषयासाठी एका कार्यालयातून एकटा माणूस पाठवू नये. त्याच्याबरोबर त्याचा वरिष्ठ आणि त्याचे काम पुढे चालवणारा सहायक असे दोघे-तिघे मिळून गेले, तर परतल्यावर नवी पद्धत लागू करायला कोणीतरी पाठीशी असते. परतल्यानंतर किमान तीन वर्षे बदली न करण्याचे लेखी आश्वासन खात्याकडून घ्यावे. बाहेरचा तज्ज्ञ येणार असेल तर त्याच्या बरोबरीने काम करणारा आपला माणूस नावानिशी नेमावा आणि सहाव्या महिन्यापासून मसुदे आपल्या माणसाने लिहावेत, तज्ज्ञाने ते तपासावेत, असा क्रम करारातच घालावा.

भारत स्वतः १९६४ पासून आयटेक कार्यक्रमातून इतर विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत आला आहे. घेताना जे निकष लावायचे तेच देतानाही लावायला हवेत: आलेला अधिकारी परत गेल्यावर कोणत्या खुर्चीवर बसणार आहे, हे विचारल्याशिवाय अभ्यासक्रम ठरवू नये.

सर्वांत कमकुवत दुवा आधी शोधावा

एमयूटीपीत रेल्वेमार्ग आणि रस्ते बांधण्याची क्षमता मुंबईत होतीच. कमतरता होती ती पुनर्वसनाची. सुमारे एक लाख लोकांना हलवायचे होते, आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर सर्वेक्षण, पात्रता, दुकानदारांचे प्रश्न, नव्या इमारतींतील सोसायट्या आणि तक्रार निवारण सांभाळण्याचा अनुभव कोणत्याच यंत्रणेकडे नव्हता. २००४ मध्ये बाधित रहिवासी आणि दुकानदारांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. मंडळाने चौकशी केली आणि अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणांची व त्यांना जोडलेल्या संस्थांची पुनर्वसनाची क्षमता पुरेशी तपासली गेली नव्हती, असे दाखवून दिले. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा निधी थांबवला, आणि सुधारणांनंतर जूनअखेर तो पुन्हा सुरू केला. या प्रकरणाकडे बँक विरुद्ध शासन असे पाहिले गेले. माझ्या मते त्यातला धडा वेगळा आहे: तक्रार करणाऱ्या सामान्य माणसांनी त्या प्रकल्पात क्षमताबांधणी करून घेतली. तक्रार नोंदवण्याची, ऐकण्याची आणि लेखी उत्तर देण्याची यंत्रणा त्यांच्या आग्रहामुळे घट्ट झाली.

त्यामुळे प्रकल्पाच्या आरंभीच प्रत्येक टप्प्यासाठी विचारावे की हे काम या यंत्रणेने यापूर्वी कोठे केले आहे, आणि 'कोठेही नाही' असे उत्तर येईल तेथे आधी लहान प्रमाणावर काम करून पाहावे. बाधित लोकांनी आणि त्यांच्या बरोबर काम करणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे की जागतिक बँकेचे तपासणी मंडळ १९९३ पासून आहे, तेथे बाधितांपैकी दोन किंवा अधिक व्यक्तींना तक्रार करता येते, आणि ती स्वतःच्या भाषेत लिहिता येते. जायकाच्या प्रकल्पांसाठीही आक्षेप नोंदवण्याची स्वतंत्र पद्धत आहे. तक्रारीत कोणत्या धोरणाचा भंग झाला याच्या पांडित्यापेक्षा तारखा, पत्रव्यवहाराच्या प्रती आणि झालेले नुकसान स्पष्ट असावे.

वस्तीतील मंडळे आणि स्वयंसेवी संस्था

संस्था म्हटली की मंत्रालय किंवा विद्यापीठ डोळ्यांपुढे येते, परंतु मुंबईत मदतीचा एक ठोस परिणाम शौचालयांच्या बाबतीत झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये मंजूर झालेल्या मलनिस्सारण प्रकल्पात वस्ती स्वच्छतेचा कार्यक्रम होता. महापालिकेने शौचालय बांधून द्यावे, पण त्याआधी रहिवाशांनी मंडळ नोंदवावे, प्रत्येक कुटुंबाने आपला वाटा भरावा, आणि पुढे वीज, पाणी, सफाई व राखणदाराचा खर्च मासिक पासातून चालवावा, अशी ती रचना होती. काही ठिकाणी मंडळे उत्तम चालली, काही ठिकाणी ती एखाद्या दांडग्या माणसाच्या ताब्यात गेली आणि पासाचे दर मनमानी वाढले. तरीही कर्ज संपल्यावर महापालिकेने हा कार्यक्रम स्वतःच्या निधीतून पुढे चालवला, आणि हेच त्याच्या यशाचे खरे प्रमाण आहे. अशा कामात मंडळाच्या जमाखर्चाची वही दर सहा महिन्यांनी शौचालयाच्या भिंतीवर लावण्याची अट पहिल्याच दिवशी घालावी. नंतर ती घालता येत नाही.

स्वयंसेवी संस्थांनी परदेशी निधी घेताना विदेशी अंशदान विनियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, समजून घेतल्याशिवाय क्षमताबांधणीचा प्रस्तावच लिहू नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर तीन गोष्टी बदलल्या. परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करता येत नाही, त्यामुळे मुंबईतील मोठ्या संस्थेने निधी घ्यायचा आणि गडचिरोली किंवा पालघरच्या लहान संस्थांना वाटून त्यांची क्षमता वाढवायची, हा पूर्वीचा मार्ग बंद झाला आहे. निधी प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावा लागतो. आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. लेखापाल, संगणक प्रणाली, कार्यालयाचे भाडे हे सारे या मर्यादेत येत असल्याने संस्थेची अंतर्गत व्यवस्था मजबूत करण्यासाठी परदेशी निधी फारसा वापरता येत नाही. शाळेतील शिक्षक किंवा रुग्णालयातील डॉक्टर यांचे वेतन मात्र नियमांनुसार प्रशासकीय खर्चात धरले जात नाही. यावर व्यवहार्य मार्ग असा की कार्यक्रमाचा खर्च परदेशी निधीतून भागवावा, आणि हिशेब, मनुष्यबळ व दप्तर यांसाठी देशी देणगीदारांकडून वेगळा निधी उभा करावा. लहान संस्थांना पैसा देता येत नसला तरी त्यांच्या लेखापालांना आपल्या कार्यालयात बसवून शिकवता येते. वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपूर्वी भरणे आणि धर्मादाय आयुक्तांकडील नोंदी अद्ययावत ठेवणे यांत हयगय झाली तर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी सगळेच अडते.

काय मोजावे

कार्यशाळा, पुस्तिका आणि प्रशिक्षणार्थी मोजण्याऐवजी संस्थेच्या रोजच्या कामात दिसणारे बदल मोजावेत. एखाद्या प्रकरणाची नस्ती (फाइल) सुरू झाल्यापासून निर्णयापर्यंत किती दिवस लागतात, सल्लागाराच्या मदतीविना किती निविदा काढल्या गेल्या, लेखापरीक्षणातील किती आक्षेप दुसऱ्या वर्षी पुन्हा आले, मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, आणि संस्थेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात या कामासाठी केलेली तरतूद वाढते आहे की नाही, एवढे प्रश्न बहुतेक ठिकाणी पुरतात. आरंभीची स्थिती पहिल्या महिन्यातच नोंदवून ठेवावी. ती नोंद नसेल तर शेवटच्या अहवालात काहीही सिद्ध करता येते.

मदत थांबण्याची तयारी पहिल्या दिवसापासून

मदत कधी थांबेल हे घेणाऱ्याच्या हातात नसते. २००३ मध्ये भारतानेच अनेक लहान देणाऱ्या देशांची द्विपक्षीय मदत यापुढे नको असे ठरवले. ब्रिटनने २०१२ मध्ये जाहीर केले की भारताला दिली जाणारी आर्थिक अनुदाने २०१५ अखेर संपतील, म्हणजे तयारीला तीन वर्षे मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केली तेव्हा कोणालाच वेळ मिळाला नाही. १९८४ पासून यूएसएडच्या निधीतून चालत आलेला लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा जागतिक कार्यक्रम फेब्रुवारीत थांबला, अनेक देशांतील चालू सर्वेक्षणे मध्येच अडकली, आणि जुलैच्या पहिल्या दिवशी यूएसएडचे स्वतंत्र अस्तित्व संपले. ज्या देशांत नमुना निवड आणि आकडेवारीची प्रक्रिया परदेशी कंत्राटदाराकडेच होती त्यांची अडचण किती मोठी असेल, हे देवनारची व्यवस्था समोर ठेवली की समजते.

अचानक माघार पचवल्याचे एक जुने उदाहरण आपल्याकडे आहे. राजस्थानातील अणुवीज केंद्राची पहिली अणुभट्टी कॅनडाच्या सहकार्याने १९७३ मध्ये सुरू झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने सहकार्य थांबवले आणि दुसरी अणुभट्टी भारतीय अभियंत्यांना स्वतः पूर्ण करावी लागली. ती १९८१ मध्ये सुरू झाली. विलंब झाला, पण काम अडले नाही, आणि त्याचे एक कारण तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्रात १९५७ पासून चालू असलेले प्रशिक्षण विद्यालय हे होते. राजस्थानच्या केंद्राला कॅनडाची मदत येण्याच्या आणि जाण्याच्या आधीपासून तेथे दरवर्षी तरुण शास्त्रज्ञ व अभियंते तयार होत होते.

म्हणून करारात हस्तांतरणाचे वेगळे परिशिष्ट असावे. त्यात आकडेवारीची मालकी कोणाची, नकाशे आणि आराखड्यांच्या मूळ प्रती कोठे राहतील, संगणक प्रणालीचा मूळ आज्ञावली संच (सोर्स कोड) व संकेतशब्द कोणाकडे येतील, देखभालीचे करार कोणाच्या नावावर होतील, आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांपैकी कोणाला नियमित पदावर घेण्याचा विचार होईल, हे लिहावे. शेवटच्या दोन वर्षांत आवर्ती खर्चाचा देणाऱ्याचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी करावा, उदाहरणार्थ आधी निम्म्यावर आणि मग एक चतुर्थांशावर, म्हणजे उणीव कोठे आहे ते मदत चालू असतानाच उघड होते. मदत संपल्यानंतर दोन वर्षांनी एक पाहणी करण्याची तरतूदही याच परिशिष्टात असावी, आणि ती पाहणी देणाऱ्याच्या सल्लागाराने नव्हे तर संस्थेच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी, शक्यतो लेखा व आस्थापना विभागांतील माणसांनी, पहिल्या महिन्यात भरलेला पदांचा तक्ता हातात घेऊन करावी. अहवाल मराठीत लिहून स्थायी समितीपुढे किंवा संस्थेच्या नियामक मंडळापुढे ठेवावा आणि त्याची प्रत संकेतस्थळावर टाकावी, म्हणजे पुढचा प्रस्ताव लिहायला बसणाऱ्याला तो सापडेल.